हर्णे बंदर ते गिरणगाव : जुन्या वास्तूंत सामान्यांची घरे कशी राहिली आणि कशी गेली

१/ हर्णेच्या किनाऱ्यावरून समुद्रातला सुवर्णदुर्ग सहज दिसतो. त्याच्या पाठराखणीसाठी जमिनीवर कनकदुर्ग, फत्तेदुर्ग आणि गोवा असे तीन उपदुर्ग होते. गोवा किल्ल्याची तटबंदी आजही उभी आहे, कनकदुर्गावर दीपगृह आहे. फत्तेदुर्ग मात्र येणाऱ्या बहुतेकांना सापडत नाही, कारण त्याच्या टेकाडावर आता कोळी बांधवांची दाट वस्ती आहे. लष्करी वास्तूची गरज सरली आणि तिच्या जागी चुली पेटल्या. जुन्या वास्तूत सामान्य कुटुंबाने घर करणे ही गोष्ट आपल्याकडे अशी शांतपणे घडत आली आहे. आजचा धागा तिच्याच इतिहासाचा आहे. तो हर्णेहून निघतो आणि मुंबईच्या चाळींपर्यंत जातो.

२/ पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. कान्होजी आंग्रे यांच्या काळात सुवर्णदुर्ग मराठी आरमाराचे महत्त्वाचे ठाणे होते. १७५५ साली तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग जिंकला. पुढे तो पेशव्यांकडे आला आणि पेशवाईबरोबरच इंग्रजांच्या ताब्यात गेला. आरमार संपले, पण बंदर संपले नाही. जिथून गलबते लढाईला निघत, तिथून पुढच्या शतकात माणसे पोटासाठी निघू लागली.

३/ रेल्वे नाही, घाटातले रस्ते बिकट, खाड्यांवर पूल नाहीत. अशा काळी दापोली तालुक्यातल्या माणसाला मुंबई गाठायची तर समुद्र हाच हमरस्ता होता. किनाऱ्याने चालणाऱ्या आगबोटी हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत. हर्णेला बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावांतून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे. म्हणून शिमग्याला गावी आलेला चाकरमानी पाऊस लागण्यापूर्वी परतला नाही, तर त्याचे हाल होत. मुंबईतली खोली आणि गावचे घर यांच्यामधला हा पाण्याचा रस्ता लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या कथेचा पाया तोच आहे.

४/ किती माणसे गेली? १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. त्यांपैकी सव्वादोन लाखांहून अधिक माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. (त्या वेळी आजचा सिंधुदुर्ग जिल्हाही रत्नागिरीतच होता; तो १९८१ साली वेगळा झाला.) म्हणजे मुंबईतल्या दर पाच माणसांत जवळजवळ एक माणूस रत्नागिरीचा. गिरण्या, गोदी, रेल्वेची कारखानदारी, पोलीस, टपालखाते, घरगडीपण अशा सर्व ठिकाणी तो होता. कामे मिळत होती. राहायचे कोठे, हा प्रश्न होता.

५/ त्याचे उत्तर होते चाळीतली खोली, आणि तीही एका कुटुंबाची नव्हे. पुष्कळ गावांच्या मंडळांनी मिळून मुंबईत खोल्या घेतल्या. त्यांना ‘गावकीची खोली’ म्हणत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीचा माणूस रात्री झोपे, रातपाळीचा दिवसा. जेवण खाणावळीत. भाडे सर्वांत वाटून, हिशेब मंडळाच्या वहीत. नवा मुलगा बोटीतून उतरला की आधी त्या खोलीवर जाई. परवडणारे घर हा शब्द त्या वेळी कोणी वापरत नव्हते. पण परवडणाऱ्या निवाऱ्याची ही व्यवस्था सरकारने किंवा मालकाने नव्हे, गावाने उभी केली होती.

६/ ही खोली ज्या इमारतीत असे, तिची रचना समजून घेऊ. कारण पुढचे सारे राजकारण त्या रचनेतूनच आले. जुन्या चाळी बहुधा दगडी जोत्यावर उभ्या असत. सागवानी खांब, सागवानी तुळया, मधल्या जागेत विटांचे बांधकाम, वर मंगळुरी कौले. समोर लांब लाकडी सज्जा, त्यावर ओळीने उघडणारी दारे, टोकाला सामायिक नळ आणि शौचकूप. सागवान मजबूत असते, पण पाण्याशी त्याचे वैर आहे. मोरीचे आणि शौचकुपाचे पाणी भिंतीत मुरते. भिंतीत रुतलेले तुळईचे टोक आतून कुजते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते आणि एखाद्या पावसाळ्यात सज्जा खाली येतो.

७/ या इमारतींकडे सरकारचे लक्ष प्रथम गेले ते माणसांच्या सोयीसाठी नव्हे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहर रिकामे होऊ लागले, व्यापार थांबला. १८९८ साली कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, नवे भूभाग वसवले. पण पाडलेल्या घरांतल्या गरिबांना तेवढी नवी घरे मिळाली नाहीत. ती माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली दाटी वाढली. पाडणे जलद होते, वसवणे संथ. हा क्रम पुढे अनेकदा दिसेल.

८/ तरीही ट्रस्टने काही चाळी बांधल्या. त्याच या बी. आय. टी. चाळी. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्यातली अनेक वर्षे काढली. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ निघाले. त्याने कामगारांसाठी ५०,००० खोल्यांचा संकल्प सोडला आणि खर्चासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसवली. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या : वरळी १२१, नायगाव ४२, ना. म. जोशी मार्ग ३२ आणि शिवडी १२. प्रत्येकीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. लाकडाऐवजी सिमेंट काँक्रीट वापरल्यामुळे त्या भक्कम होत्या, पण प्रारंभी पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. भाडे आणि गैरसोय यांपुढे कामगाराला जुनी लाकडी चाळच बरी वाटली.

९/ आता भाड्याच्या कायद्याकडे वळू. पहिल्या महायुद्धात भाडी कडाडली तेव्हा १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रण आले. ते काही वर्षांनी सरले. दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा तीच वेळ आणली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येऊ नये अशी तरतूद केली. हा कायदा नसता तर स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईत गिरणी कामगार, कारकून, शिक्षक दक्षिण मुंबईत टिकलेच नसते. मुंबईतल्या मराठी मध्यमवर्गाचा आणि श्रमिकवर्गाचा इतिहास या कायद्याच्या छपराखाली घडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

१०/ पण छप्पर गळू लागले. भाडे १९४० चे, सिमेंट, लाकूड आणि सुताराची मजुरी चालू बाजाराची. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. भाडेकरूलाही वाटे, इमारत माझी नाही, मी खर्च का करू? दोघांच्या मध्ये ‘पागडी’ उगवली. खोली सोडणारा आणि घेणारा यांच्यात मोठी रक्कम फिरे, त्यातला वाटा मालकाला जाई, भाडेपावती नव्या नावाची होई. पैसा होता, पण तो हात बदलताना निघत होता. कुजलेल्या तुळईकडे त्यातला फारसा पैसा गेला नाही. मालकी एकाकडे, ताबा दुसऱ्याकडे आणि जबाबदारी कोणाकडेच नाही, अशी ही कोंडी होती.

११/ साठच्या दशकात पावसाळ्यामागून पावसाळे इमारती कोसळू लागल्या. बेडेकर समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यातून १९६९ चा मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ कायदा आला आणि १९७१ साली मंडळाचे काम सुरू झाले. कल्पना त्या काळी धाडसी होती. दक्षिण मुंबईतल्या जुन्या भाडोत्री इमारतींवर मालमत्ता करासोबत एक उपकर बसवायचा, त्यात सरकारने भर घालायची आणि त्या निधीतून खाजगी इमारतींची दुरुस्ती सार्वजनिक मंडळाने करायची. म्हणूनच आजही कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या इमारतींना ‘उपकरप्राप्त’ किंवा बोलीत ‘सेसवाल्या’ इमारती म्हणतात. १९७७ साली हे मंडळ म्हाडामध्ये विलीन झाले.

१२/ आकडे पाहिले की प्रश्नाचा आवाका कळतो. कायदा लागू झाला तेव्हा अशा इमारती होत्या १९,६४२. त्यांचे वयानुसार तीन गट होते. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ गटात १६,५०२. १९४० ते १९५० मधल्या ‘ब’ गटात १,४८९. आणि १९५१ ते १९६९ मधल्या ‘क’ गटात १,६५१. म्हणजे दर सहा इमारतींत पाच इमारती कायद्याच्या जन्मावेळीच किमान एकोणतीस वर्षांच्या होत्या. त्यांतल्या कितीतरी एकोणिसाव्या शतकातल्या होत्या. अर्धशतक उलटून गेले, तरी त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक इमारती आजही उभ्या आहेत आणि त्यांत माणसे राहत आहेत.

१३/ दुरुस्ती प्रत्यक्षात कशी होत असे? आधी टेकू. कमकुवत तुळईखाली लाकडी किंवा लोखंडी खांब लावून वजन तोलायचे. मग भिंत फोडून तुळईचे टोक उघडे करायचे. कुजलेली तुळई काढून तिच्या जागी लोखंडी तुळई बसवायची, लाकडी तक्तपोशी काढून लादीकोबा करायचा, शौचकुपांचा भाग नव्याने बांधायचा, गळती थांबवायची. हे सारे खोलीत कुटुंब राहत असताना, निदान शेजारच्या खोलीत संसार चालू असताना. कामाला खर्चाची मर्यादा होती. प्रति चौरस मीटर ठरलेल्या रकमेपलीकडे खर्च जाणार असेल, तर वरची रक्कम रहिवाशांनी भरायची किंवा इमारत दुरुस्तीपलीकडची ठरवायची. टेकू हा तात्पुरता उपाय, पण कित्येक इमारतींत तो वर्षानुवर्षे उभा राहिला आणि मुलांनी त्याभोवती खेळ मांडले.

१४/ तरीही या प्रयोगाचे श्रेय नाकारू नये. हजारो इमारती त्यामुळे आणखी काही दशके टिकल्या आणि त्यांतली कुटुंबे आपल्या शाळा, बाजार, दवाखाने आणि कामाच्या ठिकाणांजवळ राहिली. खरी अडचण आली ती इमारत रिकामी करावी लागली तेव्हा. रहिवाशांना संक्रमण शिबिरात पाठवले जाई. नाव ‘संक्रमण’, पण जुन्या जागी नवी इमारत उभी राहिली नाही तर परतायचे कोठे? काही कुटुंबांच्या दोन पिढ्या शिबिरातच गेल्या. ज्यांना परतण्यासाठी इमारतच उरली नाही, त्यांच्यासाठी ‘मास्टर लिस्ट’ निघाली. त्या यादीत नाव लागावे म्हणून जुनी कागदपत्रे घेऊन हेलपाटे घालणारी माणसे हा या इतिहासाचा न लिहिलेला अध्याय आहे.

१५/ सगळ्याच जुन्या वास्तू चाळी म्हणून जन्मल्या नव्हत्या. काळा घोडा परिसरातले वॉटसन हॉटेल पाहा. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला गेला आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस इथे जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा मुंबईतला पहिला खेळ याच वास्तूत झाला. हॉटेल बंद पडल्यावर तिचे लहान लहान गाळे झाले, त्यांत घरे आली, कार्यालये आली आणि नाव झाले एस्प्लनेड मॅन्शन. साहेबांसाठी बांधलेल्या वास्तूत सामान्य भाडेकरू राहू लागले. पण देखभालीची कोंडी तिथेही तीच. २०१९ साली इमारत धोकादायक म्हणून रिकामी करण्यात आली. लोखंडी सांगाडा सव्वाशे वर्षांहून अधिक टिकला, पण त्याची काळजी कोणी घ्यायची हे ठरले नाही.

१६/ मग सरकारने आणखी एक वाट काढली. १९८६ साली म्हाडा कायद्यात ‘आठ-अ’ हे प्रकरण घातले गेले. इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकारने इमारत संपादित करून त्यांच्याकडे सोपवायची आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यायची, अशी ती तरतूद होती. मालकांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. त्यातून एक मोठा घटनात्मक प्रश्न उभा राहिला : खाजगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ मानता येते का? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने सांगितले की प्रत्येक खाजगी मालमत्ता सरसकट तशी मानता येणार नाही. मुंबईच्या चाळीतून निघालेला तंटा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ब) च्या अर्थापर्यंत पोहोचला, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

१७/ दरम्यान वारे बदलले होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ३३ (७) हा नियम आणि १९९९ मध्ये त्यात झालेली वाढ यांनी दुरुस्तीचा प्रश्न पुनर्विकासाकडे नेला. विकासकाने जुनी इमारत पाडावी, रहिवाशांना नव्या इमारतीत विनामूल्य घर द्यावे आणि वाढीव चटईक्षेत्रातून उरलेली घरे बाजारभावाने विकावीत. १९० किंवा १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्या कुटुंबाला स्वतःचे शौचालय असलेले मालकीचे घर मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. पण इथे एक तारीख महत्त्वाची ठरली : १३ जून १९९६. त्या दिवसानंतर निर्माण केलेली नवी भाडेकरी धरली जाणार नाही. एका पिवळ्या पडलेल्या भाडेपावतीवर आता संपूर्ण कुटुंबाचे भवितव्य अवलंबून राहिले.

१८/ या व्यवस्थेत गावकीच्या खोलीचे काय झाले असेल? पावती एका व्यक्तीच्या नावावर, खोली वापरणारे वीस-पंचवीस. पावतीवरचे नाव पणजोबांच्या पिढीतले, मंडळाची वही गावी कोणाच्या तरी पेटीत. कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू एकच. ज्या व्यवस्थेने शेकडो तरुणांना मुंबईत पाय रोवू दिले, ती सामायिक होती, आणि नव्या घराचा करारनामा सामायिकपणा ओळखत नाही. पुनर्विकासाच्या ताळेबंदात हा तोटा कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

१९/ आता गिरण्यांकडे पाहू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप औपचारिकपणे कधी संपलाच नाही, गिरण्या मात्र एकेक बंद पडल्या. १९९१ च्या नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि म्हाडाला घरांसाठी देण्याचे ठरवले होते. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला. बांधकाम असलेली जमीन वगळल्यावर वाटायला थोडेच राहिले. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

२०/ गिरण्यांच्या जुन्या वास्तूंपैकी काहींचे नूतनीकरण झालेही. लोअर परळची फिनिक्स मिल पाहा : जिथे साचे चालत, तिथे दुकाने आली. चिमणी राखली गेली, शोभेसाठी. म्हणजे जुन्या औद्योगिक इमारतीचा पुनर्वापर मुंबईला जमत नव्हता असे नाही. तो घरांसाठी करावा, असे ठरले नाही. कामगारांच्या वाट्याला सोडत आली. २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली, किंमत साडेसात लाख रुपये. अर्जदार लाखाहून अधिक होते. त्यांतले बरेच जण तोवर कोकणातल्या किंवा घाटावरच्या आपल्या गावी परतले होते.

२१/ जगात इतरत्र काय झाले? अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले लॉवेल हे गिरणगावच. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेचा कापूस अडला तेव्हा तिथल्या गिरण्या थंडावल्या आणि मुंबईचा कापूसबाजार तेजीत आला, असा दोन्ही शहरांचा उलटसुलट संबंध आहे. विसाव्या शतकात लॉवेलच्याही गिरण्या बंद पडल्या. १९७८ साली तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले आणि पुढे अनेक गिरणी-इमारतींत घरे करण्यात आली. तिथल्या मार्केट मिल्स या संकुलात उद्यानाचे अभ्यागत केंद्रही आहे आणि लोकांची वस्तीही. लाल विटांच्या त्याच भिंती, त्याच उंच खिडक्या, आत संसार.

२२/ दुसरे उदाहरण इटलीतल्या बोलोन्याचे, आणि ते आपल्याला अधिक जवळचे. तिथल्या नगरपालिकेने १९६९ साली जुन्या शहरासाठी आराखडा केला आणि १९७३ साली एक अभिनव निर्णय घेतला. सार्वजनिक गृहनिर्माणाचा पैसा शहराबाहेर नवे मनोरे बांधण्यात न घालता जुन्या शहरातली मोडकळीला आलेली घरे दुरुस्त करण्यात घालायचा. वास्तुविशारद पिएर लुईजी चेरवेल्लाती हे या योजनेमागचे प्रमुख नाव. मालमत्ता संपादनाला विरोध झाल्यावर पालिकेने मालकांशी करार केले : दुरुस्तीला सार्वजनिक अनुदान घ्या, बदल्यात भाडे मर्यादित ठेवा आणि जुन्या भाडेकरूला परत घ्या. भिंती जपायच्या असतील तर आत राहणारी माणसेही जपली पाहिजेत, हे त्या योजनेचे सूत्र होते. योजना पूर्णांशाने राबवली गेली नाही. पण १९६९ सालीच मुंबईनेही दुरुस्तीचा कायदा केला होता, हा योगायोग विचार करायला लावतो. मुंबईकडे उपकर होता, मंडळ होते, भाडेनियंत्रणही होते. मालकाला दुरुस्तीत सहभागी करून घेणारा करार तेवढा नव्हता.

२३/ इथे एक सावधगिरी. चाळीबद्दलचा गोड स्मरणरंजनाचा सूर धोकादायक आहे. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव, सज्ज्यातल्या गप्पा, शेजारधर्म हे सारे खरे. पण पहाटे नळाच्या रांगेत उभी राहणारी बाईही खरी, आणि सामायिक शौचकुपाकडे रात्री एकटी जाऊ न शकणारी मुलगीही. शिवाय प्रश्न जिवाचा आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजार परिसरातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. १६ जुलै २०२० रोजी फोर्टमधल्या भानुशाली इमारतीचा भाग कोसळून १० माणसांचा मृत्यू झाला. जुनी इमारत जपा असे म्हणणाऱ्याने आधी ती सुरक्षित कशी होईल आणि खर्च कोण करील, हे सांगितले पाहिजे.

२४/ अलीकडचा अध्याय. म्हाडा कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीला २०२२ च्या अखेरीस राष्ट्रपतींची संमती मिळाली. तिच्यानुसार धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाची संधी आधी मालकाला, मग रहिवाशांना, आणि दोघांनीही काही केले नाही तर म्हाडाला. दुसरीकडे बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास सुरू झाला. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. शंभर वर्षे १६० चौरस फुटांत राहिलेल्या वस्तीसाठी हा मोठा दिवस होता. पण नवे घर मिळाले म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. १९८५ नंतर पंतप्रधान अनुदान प्रकल्पातून बांधलेल्या ६६ इमारती मुंबईत आहेत. चाळिशी गाठण्याआधीच त्यांच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली. देखभालीची व्यवस्था नसेल तर नवी इमारतही लवकरच जुनी होते.

२५/ या सव्वाशे वर्षांतून काय दिसते? १८९८ चा ट्रस्ट, १९२० चे डिपार्टमेंट, १९४७ चे भाडेनियंत्रण, १९६९ चा उपकर, १९९१ चा नियम : प्रत्येकाने प्रश्नाचा एकेक भाग हाती घेतला. एकाने आरोग्य पाहिले, एकाने संख्या, एकाने भाडे, एकाने तुळया, एकाने जमिनीची किंमत. जुन्या इमारतीत सामान्य कुटुंब टिकायचे असेल तर तीन गोष्टी एकत्र लागतात : परवडणारे भाडे, दुरुस्तीचा नियमित पैसा आणि परत येण्याचा लेखी हक्क. मुंबईला या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळात साधल्या, पण एकाच वेळी क्वचितच. अजूनही तेरा हजारांवर इमारती उभ्या आहेत, म्हणजे हा इतिहास संपलेला नाही.

२६/ तरुण अभ्यासकांसाठी शेवटी एक काम सुचवतो. कोकणातल्या अनेक घरांत, हर्णेच्या पंचक्रोशीतही, मुंबईच्या खोलीचे कागद पडून आहेत : भाडेपावत्या, गावमंडळाच्या हिशेबाच्या वह्या, गिरणीचे तिकीट, जुने रेशनकार्ड, बोटीच्या प्रवासाची पत्रे. त्यांची नीट छायाचित्रे काढा. पावतीवरचे नाव, इमारतीचे नाव, तारीख, भाड्याची रक्कम लिहून ठेवा. मंडळाच्या वहीत कोणी किती वर्गणी भरली, खोलीवर एकाच वेळी किती जण होते, हे विचारून घ्या; सांगणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. हे कागद इतिहासाचे साधन आहेत आणि काही कुटुंबांच्या बाबतीत घराच्या हक्काचा पुरावाही. मूळ प्रत जपून ठेवा, ती कोणालाही देऊ नका. कागदावरची नावे, पत्ते सार्वजनिक ठिकाणी टाकू नका. आणि पुढच्या वेळी हर्णेला गेलात तर फत्तेदुर्गाचे टेकाडही पाहा. तिथे लोक राहतात, तेव्हा पायऱ्या चढण्यापूर्वी विचारून जा.